अण्णासाहेब किर्लोस्कर : प्रयोग रंगतो कशाने?

देवालयाच्या उत्सवात पालखी, कीर्तन आणि महाप्रसाद यांच्या जोडीस एक नाटक व्हावे, ही रीत आपल्या सीमाभागात आणि शेजारच्या गोमंतकात फार दिवसांची आहे. सभामंडपापुढील पटांगणात फळ्यांचा रंगमंच उभा राहतो. गावातीलच दहा-बारा मंडळी दिवसाचा कामधंदा सांभाळून रात्री तालमी करतात. ठरलेल्या रात्री आरती आटोपली की घरोघरची माणसे सतरंज्या घेऊन आपापली जागा धरून बसतात. अशी पुष्कळ नाटके आम्ही पाहिली. त्यांतील काही रंगली, काही रंगली नाहीत. आणि न रंगलेल्यांत सर्वच वाईट नटांची होती असेही नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका उत्सवात आम्ही ‘सौभद्रा’चा प्रयोग पाहिला. सुभद्रेची भूमिका करणाऱ्या बाई उत्तम शिकलेल्या गायिका होत्या. एकेक पद त्या पंधरा-पंधरा मिनिटे गात होत्या, आणि त्यांच्या तानांना टाळ्याही पडत होत्या. परंतु आपल्या मनाविरुद्ध आपला विवाह ठरला आहे, या दुःखाने व्याकुळ झालेली मुलगी त्या गाण्यात कोठे हरवली, ते कोणाच्याच ध्यानात राहिले नाही. दुसरा अंक संपेतो निम्मे लोक चहाच्या दुकानापाशी उभे होते. पुढल्या वर्षी एका लहान खेड्यात हेच नाटक आम्ही पुन्हा पाहिले. तेथील सुभद्रेचा गळा बेताचाच होता, पडदेही मागून आणलेले होते. तरी तिने पद म्हणावयास आरंभ केला की समोरच्या बाया पदर डोळ्यांस लावीत होत्या, आणि शेवटचा पडदा पडेपर्यंत एकही मनुष्य जागचा हलला नाही.

हा फरक कशाने पडला, हा प्रश्न आमच्या मनात बरेच दिवस घोळत होता. त्याचे उत्तर आम्हांस एखाद्या नाट्यशास्त्रावरील ग्रंथात सापडले नाही. ते सापडले त्याच नाटकाच्या कर्त्याच्या चरित्रात. हे कर्ते म्हणजे कै. बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर. ते आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. म्हणूनच त्यांची जीवनकथा या अंकात सभासद कुटुंबांपुढे ठेवीत आहोत.

अण्णासाहेबांचा जन्म ३१ मार्च १८४३ रोजी झाला. योगायोग असा की त्याच वर्षी, ५ नोव्हेंबर रोजी, सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ नाटकाचा प्रयोग केला. मराठी रंगभूमीचा आरंभ त्या प्रयोगापासून धरण्याचा प्रघात आहे. म्हणजे मराठी रंगभूमी आणि तिला पुढे नवा कंठ देणारा हा पुरुष, ही दोघे एकाच वर्षाची अपत्ये होत.

भाव्यांचे नाटक कसे असे, हे समजल्यावाचून अण्णासाहेबांनी काय केले ते समजणार नाही. कर्नाटकातून सांगलीस आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून भाव्यांना आपल्या नाटकाची प्रेरणा मिळाली होती. त्यात सूत्रधार आरंभापासून अखेरपर्यंत रंगमंचावर उभा असे. गणपती आणि सरस्वती यांचे आवाहन झाले की कथेस सुरुवात होई. पदे गावयाची ती सूत्रधाराने. राम, सीता, रावण ही पात्रे आपापल्या जागी येऊन त्या पदांना अनुसरून अभिनय करीत आणि समयोचित भाषणे आपल्या मनानेच रचून बोलत. राक्षसांचा आरडाओरडा आणि तलवारींचा खणखणाट यांनी प्रेक्षक दिपून जात. आज हा प्रकार बाळबोध वाटेल. परंतु त्या काळी त्याने खेडोपाडी लोकांना वेड लावले होते, आणि पुढील पस्तीस-चाळीस वर्षे अनेक मंडळ्यांनी त्यावर आपली पोटे भरली, हे विसरून चालणार नाही.

तथापि त्यात एक उणीव होती. रामाला सीतेचा विरह व्हावा आणि त्या विरहाचे गाणे मात्र बाजूस उभ्या असलेल्या सूत्रधाराने गावे. राम तेवढा वेळ डोळे पुसत उभा! दुःख एकाचे आणि कंठ दुसऱ्याचा. पहिली काही वर्षे नवलाईत गेली. पुढे तीच सोंगे, तीच भाषणे आणि तोच आरडाओरडा यांना लोक विटू लागले. इकडे विनायक जनार्दन कीर्तने यांच्या ‘थोरले माधवराव पेशवे’ या १८६१ च्या नाटकापासून लिखित गद्य नाटकांची परंपरा सुरू झाली. इंग्रजी शिकलेल्या मंडळींना ती नाटके मानवली. त्यांत भाषणे बांधेसूद होती. पण ज्या समाजाचा कान ओवी, अभंग आणि साकी-दिंडीवर पोसला होता, त्याला गाण्यावाचून नाटक अळणी वाटले तर नवल नाही. अशा रीतीने एकीकडे गाणे होते, परंतु ते पात्राचे नव्हते. दुसरीकडे पात्र होते, परंतु ते गात नव्हते.

अण्णासाहेबांचे बालपण कानडी आणि मराठी अशा दोन्ही भाषांच्या सहवासात गेले. सीमेवरील आपल्या घरांतून आजही हेच चालते. आजी कानडीत हाक मारते आणि नातू मराठीत ओ देतो. देवळातील कीर्तने, कानडी पदे आणि खेळ पाहावयास आलेल्या मंडळ्यांचे संगीत हे सर्व त्यांच्या कानांवरून गेले असले पाहिजे. कारण पुढे त्यांच्या नाटकांतील पदांच्या चालींत त्या सर्वांचे अंश उतरलेले दिसतात.

पुढील विद्याभ्यासासाठी ते पुण्यास गेले. परंतु तेथे अभ्यासापेक्षा नाटकाचा नाद वरचढ ठरला. फिरत्या नाटक मंडळ्यांना पदे रचून देणे, त्यांच्या बिऱ्हाडी जाऊन बसणे, स्वतः एक मंडळी काढून पाहणे, यांत दिवस गेले आणि शिक्षण अपुरे राहिले. त्या काळी नाटकवाला म्हणजे घराण्याला बट्टा, अशी प्रतिष्ठित लोकांची समजूत होती. अण्णासाहेब काही काळ बेळगावास शिक्षक होते. नंतर पुण्यास रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत ते नोकरीस लागले. मधल्या काळात, १८७३ साली, आद्य शंकराचार्यांच्या चरित्रावरील ‘शांकरदिग्जय’ हे गद्य नाटक त्यांनी लिहिले होते. पण त्याने त्यांचे नाव गाजले असे झाले नाही. वयाची सदतीस वर्षे उलटली तेव्हा ते अपुऱ्या शिक्षणाचे एक सरकारी नोकर होते, आणि नाटकाचे व्यसन काही सुटले नव्हते. जगाच्या हिशेबाने पाहता हा मनुष्य वाया गेला, असे म्हणणारे त्या वेळी पुष्कळ निघाले असते.

१८८० साली पुण्यात एका पारशी नाटक मंडळीने ‘इंद्रसभा’ या उर्दू संगीत नाटकाचा प्रयोग केला. तो अण्णासाहेबांनी पाहिला, आणि असे संगीत नाटक मराठीत का होऊ नये, हा विचार त्यांच्या मनाने घेतला. मराठीत असा यत्न अगदीच झाला नव्हता असे नाही. सोकर बापूजी त्रिलोकेकर यांनी मुंबईत ‘नलदमयंती’ हे संगीत नाटक त्याच सुमारास आणले होते. परंतु अण्णासाहेबांनी उचलले ते धनुष्य फार जड होते. त्यांनी कालिदासाचे ‘शाकुंतल’च निवडले.

यात केवढे साहस होते, याचा वाचकांनी विचार करावा. पुण्यासारख्या शहरात कालिदासाचा श्लोक न् श्लोक मुखोद्गत असलेले शास्त्री-पंडित होते. तेथे एका कचेरीतील नोकराने त्या नाटकाला मराठी वेष द्यावा, आणि तेही साकी, दिंडी, कामदा अशा कीर्तनातील परिचित छंदांत! प्रयोग फसता, तर हसे व्हावयास वेळ लागला नसता. नाटकवाल्याची अप्रतिष्ठा होतीच, तीत कालिदासाची विटंबना केल्याचा ठपका वाढला असता. शिवाय हाताशी सारी हौशी मंडळी. मोरोबा वाघोलीकर आणि बाळकोबा नाटेकर यांच्यासारखे गोड गळ्याचे गायक त्यांना लाभले, हे खरे. परंतु गवयाने रंगमंचावर उभे राहून राजा किंवा ऋषी होणे, ही गोष्ट तोवर कोणाच्या अंगवळणी पडलेली नव्हती. ती तालमीतच घडवावी लागली.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी, दिवाळी तोंडावर आली असता, पुण्याच्या बुधवार पेठेतील आनंदोद्भव नाट्यगृहात ‘शाकुंतला’च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. अण्णासाहेब स्वतः सूत्रधार झाले होते. मोरोबा दुष्यंत, शंकरराव मुजुमदार शकुंतला आणि बाळकोबा कण्व अशी पात्रयोजना होती. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सूत्रधार या नाटकातही आहे, परंतु आरंभीची नांदी आणि प्रस्तावना होताच तो आत निघून जातो. भाव्यांच्या नाटकात जो अखेरपर्यंत उभा राहत असे, त्याला अण्णासाहेबांनी निरोप दिला, आणि त्या जागी ते स्वतःच उभे होते. त्यानंतर रंगमंच पात्रांचा झाला. ज्याला बोलावयाचे तो बोलला, आणि बोलता बोलता मन भरून आले की त्यानेच गाइले.

चौथा अंक शकुंतलेच्या पाठवणीचा. ज्या ऋषीने संसार केला नाही, तो लहानाचे मोठे केलेल्या मुलीला सासरी धाडताना कासावीस होतो, हा त्या अंकाचा गाभा आहे. त्या काळच्या पुण्यात आठ-दहा वर्षांच्या मुलींची लग्ने होत असत. समोर बसलेल्यांत ज्याने अशी एखादी पोर सासरी पाठविली नव्हती, किंवा जो ती पाठविण्याच्या काळजीत नव्हता, असा गृहस्थ विरळाच. त्यांच्यापुढे कण्व उभा राहिला आणि आपले दुःख त्याने आपल्याच तोंडाने गाइले. ते ऐकताना ही कालिदासाच्या आश्रमातील गोष्ट आहे की आपल्या घरच्या ओसरीवरची, हा भेद राहिला नसला पाहिजे. प्रयोग लोकांनी डोक्यावर घेतला. उरलेले अंकही पुढे रंगभूमीवर आले, आणि किर्लोस्कर नाटक मंडळीचे नाव सर्वतोमुखी झाले.

आता या यशाचे मर्म कशात होते, ते पाहू. आमच्या अल्पमतीस त्यात तीन गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट वर सांगितलीच. ज्याचे दुःख त्याचाच कंठ. ही युक्ती अण्णासाहेबांनी परदेशातून आणली असे मानण्याचे कारण नाही. ‘इंद्रसभे’ने त्यांना चेतविले असेल; परंतु हा वस्तुपाठ आपल्या देवळातच होता. आपला हरिदास काय करतो? एकटाच उभा राहून तो आख्यान लावतो. द्रौपदीचे वस्त्रहरण आले की तोच द्रौपदी होतो, आणि कृष्णाचा धावा त्याच्याच कंठातून निघतो. बोलणारा आणि गाणारा यांत तेथे फारकत नाही. म्हणूनच तर साध्या गळ्याचा हरिदासही मंडपाला रडवू शकतो. कीर्तनात जे एक मनुष्य करी, ते अण्णासाहेबांनी दहा जणांत वाटून दिले, इतकेच.

दुसरी गोष्ट चालींची. ‘शाकुंतला’त दोनशेंच्या आसपास पदे आहेत; परंतु त्यांतील पुष्कळशी दोन-चार ओळींत आटोपणारी आहेत, आणि त्यांच्या चाली लोकांच्या कानांत आधीच बसलेल्या होत्या. कीर्तनातील छंद, स्त्रियांची गाणी, लावणी, कानडी पदे, हिंदुस्थानी रागदारी, जेथे जे सापडले तेथून त्यांनी ते घेतले. चाल ओळखीची असली की ऐकणाराचे मन ती समजून घेण्यात गुंतून पडत नाही. ते सरळ शब्दांकडे आणि शब्दांतून प्रसंगाकडे जाते. त्या काळी ध्वनिवर्धक नव्हते, विजेचे दिवे नव्हते. तेलाच्या दिव्यांच्या उजेडात, नुसत्या गळ्याच्या बळावर शेवटच्या रांगेतील मनुष्यापर्यंत पोहोचावयाचे होते. अशा वेळी शब्द स्पष्ट, चाल परिचित आणि पद आटोपशीर असल्यावाचून गत्यंतरच नव्हते.

तिसरी गोष्ट प्रेक्षकांची. रंगमंचावरचा प्रयोग पोथीसारखा एकट्याने वाचावयाचा नसतो. त्यातील निम्मे काम समोर बसलेली माणसे करीत असतात. दुष्यंत शकुंतलेला ओळखणार नाही, हे त्यांना ठाऊक असते. पुढे काय होणार याची उत्सुकता तेथे नसते. ते कसे होणार, आणि आपल्यापैकीच कोणाच्या तरी घरी ते घडल्यासारखे वाटणार की नाही, एवढाच प्रश्न असतो. अण्णासाहेबांनी प्रेक्षकांना ठाऊक असलेली कथा, ठाऊक असलेली चाल आणि ठाऊक असलेले दुःख या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी आणल्या, आणि ज्या एका गोष्टीची उणीव होती ती, म्हणजे त्या दुःखाचा स्वतःचा कंठ, तीत घातली.

हे तंत्र त्यांच्या हाती किती पक्के बसले होते, याची साक्ष ‘सौभद्र’ देते. त्याचे पहिले तीन अंक १८ नोव्हेंबर १८८२ रोजी पुण्यास पूर्णानंद नाट्यगृहात झाले, आणि पुढल्या वर्षी संपूर्ण नाटक रंगभूमीवर आले. त्याच वर्षी, म्हणजे १८८२ साली, बडोद्याचा एक तरुण मंडळीत आला होता. त्याचे नाव लक्ष्मण बापूजी कोल्हटकर. पण सारा महाराष्ट्र त्यास भाऊराव कोल्हटकर म्हणून ओळखतो. त्याचा आवाज चढा, धारदार आणि विलक्षण गोड होता, आणि रूपही देखणे होते. असा नट हाती येताच एखाद्याने त्याच्या गाण्यापुढे नाटक बाजूस सारले असते. अण्णासाहेबांनी तसे केले नाही. ‘सौभद्रा’त पदांची संख्या ‘शाकुंतला’हून त्यांनी कमीच केली, आणि भाऊरावांस सुभद्रा व मोरोबांस अर्जुन देऊन दोघांचे गळे कथेच्या सेवेस लावले.

‘सौभद्रा’ची कथा महाभारतातील, परंतु नाटक पाहताना आपण द्वारकेच्या राजवाड्यात आहोत असे वाटतच नाही. थोरला भाऊ बलराम भोळा, मानी आणि हट्टी. त्याने बहीण दुर्योधनास द्यावयाचे ठरविले आहे. धाकटा भाऊ कृष्ण उघड विरोध करीत नाही, पण आतून सूत्रे हलवितो. वहिनी रुक्मिणी नणंदेची बाजू घेऊन नवऱ्याची कानउघाडणी करते. संन्याशाच्या वेषातील अर्जुनास बलराम आपण होऊन घरात आणून ठेवतो, आणि ज्याच्यापासून बहिणीस दूर ठेवावयाचे त्याचीच सेवा तिला करावयास लावतो! यात कोणते मराठी घर नाही? आपल्या प्रत्येक एकत्र कुटुंबात एक बलराम असतो आणि बहुधा एक कृष्णही असतो. म्हणूनच आज जवळजवळ दीडशे वर्षांनीही हे नाटक उत्सवात लावले की आबालवृद्ध हसतात, आणि सुभद्रेचे पद आले की गप्प होतात.

यानंतर ‘रामराज्यवियोग’ आले. १८८४ साली त्याचे तीन अंक रंगभूमीवर आले. त्यातील एक गोष्ट विशेष मननीय आहे. ज्या भाऊरावांनी सुभद्रा होऊन लोकांची मने जिंकली होती, त्यांनी या नाटकात मंथरेचे काम केले. सुंदर नायिकेचा शृंगार उतरवून ते कुबड्या दासीच्या रूपाने उभे राहिले, आणि तेही काम गाजले. नटाचे रूप आणि गवयाचा मान यांहून भूमिका मोठी, ही शिस्त त्या मंडळीत होती, असाच याचा अर्थ.

परंतु हे नाटक पुरे व्हावयाचे नव्हते. २ नोव्हेंबर १८८५ रोजी जन्मगावी गुर्लहोसूर येथे अण्णासाहेबांनी देह ठेवला. वय अवघे बेचाळीस. पहिल्या ‘शाकुंतला’च्या रात्रीपासून पुरती पाच वर्षे आणि दोन दिवस, एवढाच काय तो त्यांच्या कर्तृत्वाचा काळ. सदतीस वर्षे जगाच्या दृष्टीने वाया गेली आणि पाच वर्षांनी सगळ्याचे सोने केले. ती सदतीस वर्षे खरोखर वाया गेली होती काय? बिऱ्हाडी जाऊन रचून दिलेली पदे, बेळगावची शिक्षकी, गाजले नाही ते गद्य नाटक, बालपणी कानांवरून गेलेली कानडी गाणी, या सर्वांचा जमाखर्च त्या पाच वर्षांत झाला, असे आम्हांस वाटते.

त्यांच्या मागे मंडळी बंद पडली नाही. गोविंद बल्लाळ देवल हे त्यांच्याच तालमीत तयार झालेले. त्यांचे ‘शारदा’ १८९९ साली याच मंडळीने इंदूर येथे प्रथम केले. जरठ-कुमारी विवाहाच्या दुष्ट रूढीवर त्या नाटकाने जो आघात केला, तो शारदेच्या तोंडच्या साध्या, आर्त पदांमुळेच लोकांच्या काळजाला भिडला. भाऊराव १९०१ साली गेले. १९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, मंडळीत आले, आणि त्यांनीही शकुंतलेच्या भूमिकेनेच तेथे पाऊल टाकले.

पुढे संगीत नाटकाचे वैभव वाढले, तसा एक दोषही वाढला. पदावर पद, तानेवर तान, वन्समोअरवर वन्समोअर, अशा रीतीने प्रयोग पहाटेपर्यंत लांबू लागले. बालगंधर्वांसारखा नट गाता गाताही भूमिका सोडीत नसे, म्हणून त्यांचे गाणे लोकांना कितीही वेळ गोडच लागले. परंतु त्यांची नक्कल करणाऱ्यांनी त्यांच्या ताना घेतल्या आणि भूमिका तेवढी तेथेच ठेवली. म्हणजे भाव्यांच्या काळी दुःख एकाचे आणि कंठ दुसऱ्याचा होता. आता कंठ होता, पण दुःख कोणाचेच नव्हते. १९३२ पासून मराठी बोलपट आले आणि प्रेक्षक तिकडे वळला. सगळा दोष बोलपटांवर टाकण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्हांस ती पुरती खरी वाटत नाही. घराची भिंत आधी पोकळ झाली होती. वारा मागाहून आला.

अण्णासाहेबांचा धडा खरा होता, याचा पुरावा पुढेही मिळाला. १९६४ साली गोवा हिंदू असोसिएशनने वसंत कानेटकरांचे ‘मत्स्यगंधा’ रंगभूमीवर आणले. त्याचे संगीत गोमंतकातील मंगेशीचे जितेंद्र अभिषेकी यांचे. त्यांनी पदे आटोपशीर केली आणि ती प्रसंगात मुरविली. १९६७ साली पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ आले. दोन गायन घराण्यांच्या वैराची ती कथा. तेथे गाणे काढून घेतले तर कथाच उरत नाही. या दोन्ही नाटकांनी विटलेला प्रेक्षक पुन्हा नाट्यगृहात आणून बसविला. जुने तंत्र नव्या कपड्यांत आले, एवढेच.

आता पुन्हा आपल्या देवळापुढील पटांगणाकडे येऊ. उत्सवातील नाटकाची तयारी करताना आपल्या मंडळींचा पुष्कळ वेळ पडदे, दिवे, ध्वनिवर्धक आणि पोशाख यांच्या चर्चेत जातो. हल्ली तर साथीचे संगीत आधीच ध्वनिमुद्रित करून आणण्याची सोयही झाली आहे. या गोष्टी वाईट आहेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु मुद्रित साथ नटासाठी थांबत नाही. त्याचा कंठ दाटून आला तर ती पुढे निघून जाते, आणि मग त्याला आपले दुःख टाकून तिच्या मागे धावावे लागते. पेटीवर बसलेला आपला माणूस मात्र त्याच्या तोंडाकडे पाहत असतो. तो थांबला की हाही थांबतो. त्या क्षणभराच्या थांबण्यात सगळे पटांगण श्वास रोधून बसलेले आम्ही पाहिले आहे, आणि प्रयोग रंगला की नाही याचा निर्णय बहुधा त्याच क्षणी होत असतो.

म्हणून तालमीस बसणाऱ्या तरुण मुलामुलींना आमचे एवढेच सांगणे आहे. पद पाठ करण्यापूर्वी आपण हे का गात आहोत, हे आधी आपल्या मनाशी ठरवावे. बोलून भागत असेल तर बोलावे. बोलणे अपुरे पडेल तेथे गावे. आणि जेवढ्याने भागेल तेवढेच गावे. गळा ज्याला देवाने जसा दिला असेल तसा असो. ज्या खेड्यातील सुभद्रेचा उल्लेख आम्ही आरंभी केला, तिच्या आवाजात एकही अवघड तान नव्हती. ती केवळ सुभद्रा होती, आणि तेवढे त्या रात्री पुरले.

आजही अनेक ठिकाणी संगीत नाटकाचा पडदा वर जाण्यापूर्वी सगळी पात्रे हात जोडून ओळीने उभी राहतात आणि अण्णासाहेबांनी ‘शाकुंतला’साठी रचलेली नांदी गातात, मग ते नाटक कोणाचेही असो. राजा, दासी, ऋषी, विदूषक सर्व एका सुरात शंकराला वंदन करतात, आणि मग आपापल्या भूमिकेत शिरतात. येत्या उत्सवात ती नांदी कानांवर पडेल, तेव्हा गुर्लहोसूरच्या त्या पुरुषाचे क्षणभर स्मरण करावे, आणि सूत्रधाराने आत जाऊन पात्रांना जागा करून दिली, याबद्दल त्यास मनोमन नमस्कार करावा, ही विनंती.